शिकलेल्या माणसाचा पूर्वग्रह

शिकलं की मन मोकळं होतं, असं आपण शाळेपासून ऐकतो. मग आमच्या इंजिनिअरिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, आरक्षणापासून निवडणुकीपर्यंतच्या शेकडो वादांत, कुणाचं मत बदललेलं मला का आठवत नाही?

सध्या घरी माझ्यासाठी मुली बघणं सुरू आहे. बायोडेटातून जातीची ओळ काढा, असं मी सांगितलं. आजी म्हणाली, "आपल्यात तसं चालत नाही रे." काका एम.एस्सी. झालेले. ते जातीचं नावही घेत नाहीत. संस्कार, खाणंपिणं, 'कम्पॅटिबिलिटी', वर थोडं जनुकशास्त्र. दोघांना हवंय एकच. पण आजीशी बोलता येतं, कारण ती जे मानते तेच बोलते. काकांचा एक मुद्दा खोडला की दुसरा तयार असतो.

काका काही अपवाद नाहीत. २०१३ मध्ये अमेरिकेत डॅन कहान आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग मांडला. लोकांना आकड्यांचा एक तक्ता दिला. तो त्वचेच्या क्रीमचा आहे असं सांगितलं, तेव्हा ज्यांचं गणित चांगलं त्यांनी बरोबर उत्तर काढलं. तसाच तक्ता बंदूकबंदीचा म्हणून दिला, तेव्हा खरं उत्तर आपल्या राजकीय मताविरुद्ध जात असेल तर हीच हुशार मंडळी जास्त चुकली. दोन्ही बाजूंमधली दरी गणितात पक्क्या असलेल्यांमध्येच जास्त रुंद निघाली.

माझं गाव मनमाड, रेल्वेचं गाव. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला इथे जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांचं प्रसिद्ध भाषण इथलंच. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी वृत्ती, आणि ती सगळ्या वर्गांत शिरली आहे, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केलं.

त्याच भाषणात एक साधा तपशील आहे. रेल्वेत अस्पृश्य माणूस जन्मभर गँगमनच राहतो. त्याला पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचं कामही करावं लागतं. हा मास्तर अडाणी नव्हता. तारा, रजिस्टरं, वेळापत्रक सगळं त्याच्या हातात होतं. त्याच्या शिक्षणाने गाड्या वेळेवर सुटल्या असतील, पण घराचा उंबरठा होता तसाच राहिला.

मनमाडलाच त्या दिवसांत तरुणांची परिषदही झाली. शिक्षण हे दुधारी शस्त्र आहे आणि शील, विनय नसलेला शिकलेला माणूस पशूपेक्षा धोकादायक, असं बाबासाहेबांनी त्या तरुणांना सांगितलं. सांगणारा माणूस कोलंबिया आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकलेला होता. ऐकणाऱ्यांच्या अनेक पिढ्यांना अक्षरही गिरवू दिलं नव्हतं. त्यामुळे 'शिकून काय उपयोग' हा पोकळ शहाणपणा मनमाडमध्ये तरी करू नये. शिक्षण नसतं तर त्या अन्यायाला नाव देणारी भाषाच मिळाली नसती.

म्हणजे शिक्षणाने ताकद येते. ती स्वतःच्या मतावरही चालवायची सवय मात्र आपोआप लागत नाही. आमच्या कामात ती सवय सक्तीची आहे. मी लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही, आणि टेस्टिंगवाला तो कुठे मोडेल हेच शोधत असतो. त्यात कुणाला अपमान वाटत नाही. जातीबद्दल, धर्माबद्दल, पगाराबद्दल बोलताना मात्र आपण सगळे फक्त पास होणाऱ्या टेस्ट लिहितो.

म्हणून कुणाचं मन किती मोकळं हे मी आता डिग्रीवरून किंवा वाचलेल्या पुस्तकांवरून ठरवत नाही. एकच प्रश्न विचारतो: काय दिसलं तर तुझं मत बदलेल? उत्तर 'काहीच नाही' असेल, तर पुढचे सगळे मुद्दे नुसती सजावट आहेत. बायोडेटातल्या त्या ओळीबद्दल हा प्रश्न मी काकांना विचारणार आहे. त्याआधी माझ्या बाजूचं उत्तर मला लिहून काढायचंय.