एकच चूक, दोन वाटा

‘मुलं गणितात कच्ची आहेत’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत नेहमी ऐकू येतं. ते खरंही असेल, पण नुसत्या तक्रारीवर काही करता येत नाही. तिचा एखादा तुकडा शिक्षकाला स्वतःच्या वर्गात तपासता येईल इतका लहान केला, की कृतिसंशोधनाला सुरुवात होते.

हातच्याची वजाबाकी घेऊ. 52 वजा 27. उत्तर हवं 25, आणि बऱ्याच वह्यांत सापडतं 35. फुली मारून वही परत देता येते. त्याऐवजी मुलाला जवळ बसवून ‘कसं केलंस, मोठ्यानं सांग’ म्हणावं. एक जण सांगतो, ‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले. राहिले पाच. पाचातून दोन गेले, तीन.’ दुसरी सांगते, ‘एक दशक सुटा केला, झाले बारा. बारातून सात गेले, पाच. पाचातून दोन गेले, तीन.’ दोघांचंही उत्तर 35! पण पहिल्याला दशक सुटा करता येतो हेच उमगलेलं नाही. दुसरीला ते उमगलंय, फक्त सुटा केलेला दशक पाचातून कमी करायचा राहिलाय.

मग उपायही दोन लागतात. पहिल्याच्या हाती दहा-दहा काड्यांचे गठ्ठे द्यावेत. रबर काढून गठ्ठा त्यानं स्वतः सोडावा. दुसरीला पाच खोडून वर चार लिहायची सवय लावली तरी बहुधा पुरेल. दोघांना सरसकट जादा उदाहरणं घातली, तर पहिला आपली चूकच घोटून पक्की करेल.

मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी 1946 मध्ये कृतिसंशोधनाचं योजना, कृती, परिणामाची पाहणी आणि त्यावरून पुन्हा योजना, असं चक्र मांडलं. स्टीफन कोरी यांनी 1953 च्या पुस्तकात ते शाळेत आणलं. दुसऱ्याचं संशोधन वाचून शिक्षक जितका बदलतो, त्याहून स्वतःच्या वर्गाचा शोध घेऊन जास्त बदलतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते मनापासून पटतं. काड्या पुस्तकांत पूर्वीपासून आहेत; त्या नेमक्या कोणाला द्यायच्या, हे त्या वर्गातल्या बाईंनाच कळू शकतं.

म्हणूनच पूर्वचाचणीपेक्षा उत्तरचाचणीची सरासरी वाढली एवढ्यावर अहवाल मिटवला, की वाईट वाटतं. सरासरीत हा मुलगा आणि ही मुलगी, दोघंही हरवतात. त्यापेक्षा प्रत्येक नावापुढे ‘आता कसं करतो’ याची एक ओळ लिहिलेली वही मोलाची.

त्या वहीत न जमलेलंही नोंदवावं. दोन अंकी वजाबाकी सुधारलेली तीच मुलगी 300 वजा 148 चं उत्तर 162 काढते. शतक सुटं करून तिनं दशकाच्या घरात दहा मांडले, एककाच्या घरातही दहा मांडले. दशकातला एक एककाकडे गेल्यावर तिथे नऊच उरतात, हे निसटलं. दोन अंकी संख्यांत मधलं शून्य कधी आलंच नव्हतं. पुढची फेरी इथून सुरू करायची, आणि या वेळी शंभराचा गठ्ठाही बांधून ठेवायचा.