दवाखाना सोडून जाणे पाप आहे काय?



काही दिवसांपूर्वी एका घरी आशीर्वादासाठी गेलो असता त्या घरच्या आईने आम्हांला बाजूला बोलावले. मुलगा डॉक्टर. खेड्यात छोटा दवाखाना चालवतो, गोरगरिबांकडून जमेल तेवढेच घेतो. आता म्हणतो, निवडणुकीला उभा राहणार. आईच्या डोळ्यांत पाणी. "फादर, तुम्हीच समजवा त्याला. देवाचं काम सोडून चिखलात चाललाय." आम्ही "बघू, बोलतो त्याच्याशी" म्हणालो आणि चहा घेऊन निघालो. परतीच्या वाटेवर मात्र ध्यानात आले की, त्याला काय सांगायचे हे आमचे आम्हांलाच ठाऊक नाही. म्हणून आज हा प्रश्न तुमच्यापुढे मांडत आहोत.

प्रश्न साधा दिसतो. दारात आजारी माणूस उभा असताना डॉक्टरने त्याला सोडून मुंबईच्या विधानभवनात जाऊन बसावे काय? हाताला लागणारी नाडी सोडून कागदावर सही करण्यात आयुष्य घालवावे काय?

संत लूक स्वतः वैद्य होता, आणि चांगल्या शोमरोन्याची गोष्ट त्याच्याच शुभवर्तमानात आहे. ती आपण इतक्यांदा ऐकली आहे की तिचा शेवट आपल्या कानांवरून निसटून जातो. शोमरोनी जखमा बांधतो, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत आणतो, रात्रभर सांभाळतो. आणि दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी तो त्याला तिथेच ठेवून निघून जातो. मात्र जाण्याआधी दोन नाणी देतो, रखवालदाराला जबाबदारी सांगतो, आणि मी परत येईन तेव्हा उरलेला हिशेब चुकता करीन असे वचन देतो. म्हणजे जखमी माणसाला सोडून जाणे हे शुभवर्तमानात पाप ठरलेले नाही. शिवाय वाटेवर ती उतारशाळा नसती तर शोमरोन्याची सारी दया एका रात्रीत संपली असती. उतारशाळा एकट्याच्या दयेने उभी राहत नाही. ती समाजाला बांधावी लागते. आणि समाजाने मिळून बांधायचे म्हटले की राजकारण आलेच.

आपल्याला हे कोणी शिकवायला नको. पोटात कळा सुरू झाल्या, अपघात झाला, साप चावला, की "नांदेडला न्या" हे शब्द आपण किती वेळा ऐकले! ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच दिवशी दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत आपले हिंगोली होते. हे काम कोणा एका दयाळू डॉक्टरच्या हातून झाले नसते.

आपल्याच मराठवाड्याचे उदाहरण घेऊ. केजच्या विमलताई मुंदडा व्यवसायाने डॉक्टर. १९९० ते २००९ या काळात केज मतदारसंघातून त्या लागोपाठ पाच वेळा आमदार झाल्या. मधे पक्ष बदलला, मतदार मात्र बदलले नाहीत. २००४ नंतरच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे सार्वजनिक आरोग्य खाते होते. त्याच काळात, २००५ साली, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि पुढे गावोगाव 'आशा' ताई दिसू लागल्या. २२ मार्च २०१२ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. राखीव मतदारसंघातली, मागास म्हटल्या जाणाऱ्या जिल्ह्यातली एक स्त्री, एक डॉक्टर, राज्याच्या आरोग्याचा कारभार पाहते, ही लहान गोष्ट नव्हे.

पण याच जिल्ह्याचे दुसरे आकडेही आपण डोळे उघडे ठेवून वाचले पाहिजेत. २००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ साली त्या ८०७ झाल्या. साऱ्या राज्यात सर्वांत कमी. कायदा नव्हता काय? महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच, देशात सर्वांच्या आधी, गर्भलिंगचाचणीविरुद्ध कायदा केला होता. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला, २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. त्या दशकातली काही वर्षे आरोग्य खाते याच जिल्ह्यातल्या एका डॉक्टर बाईंच्या हाती होते. तरीही लेकी नाहीशा होत राहिल्या.

याचा दोष विमलताईंच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्या मुली मंत्रालयात मारल्या गेल्या नाहीत. त्या घराघरांत नाकारल्या गेल्या, सासू-सासऱ्यांच्या, नवरा-बायकोच्या संमतीने. आणि ज्यांनी मशीन फिरवले तेही डॉक्टरच होते. खुर्ची पुष्कळ करू शकते. ती दवाखाना बांधते, औषध पोहोचवते, गुन्हेगाराला तुरुंगात घालते. पण उंबरठ्याच्या आत ती पोहोचत नाही.

मग उंबरठ्याच्या आत कोण पोहोचते? डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे हे ख्रिस्ती जोडपे १९७० साली जामखेडला आले. दोघे शिकलेले, परदेशात राहू शकले असते. आल्यावर त्यांना दिसले की, बरे करून घरी पाठवलेले मूल काही दिवसांनी त्याच आजाराने परत येते. कारण घरी तेच पाणी, तीच उपासमार. म्हणून त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या. पुष्कळशा निरक्षर, कितीतरी दलित. त्यांनाच आरोग्यसेविका केले. पाण्यासाठी विंधनविहीर खणायची तर ती दलित वस्तीत खणली, म्हणजे साऱ्या गावाला तिथे यावे लागले. संस्थेच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये दर हजार जन्मांमागे १७६ बालके दगावत. १९९० च्या दशकात हा आकडा तिसाच्या खाली आला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरोळे निवडणुकीला उभे राहिले नाहीत. पण विहीर कुठे खणायची हे ठरवणे, हे राजकारण नव्हे तर काय? आणि 'आशा' योजनेच्या मुळाशी जे प्रयोग होते, त्यांत जामखेडचे नाव नेहमी घेतले जाते. म्हणजे एका खेड्यात जे रुजले, ते सत्तेने उचलले तेव्हा देशभर गेले. दोन्ही वाटा शेवटी एकमेकींना भेटल्या.

सेमिनरीत आम्ही प्लेटो वाचत असू. त्याचे म्हणणे असे की, खरा वैद्य वैद्य म्हणून आपले नव्हे तर रोग्याचे हित पाहतो, आणि खऱ्या राज्यकर्त्यानेही तसेच करावे. तेव्हा हे आम्हांला परीक्षेपुरते वाटले होते. आज वाटते, त्या आईच्या मुलाला विचारायचा प्रश्न हाच. "तू जातोस की नाही" हा नव्हे. "कोणाच्या हितासाठी जातोस, आणि परत येशील ना?" हा. शोमरोन्याचे वचन हेच त्याच्या जाण्याला पवित्र करते. पाच वर्षांत एकदा हात जोडायला येणे म्हणजे परत येणे नव्हे. ज्याला खाटेवर सोडून गेलो त्याचा हिशेब चुकता करायला येणे, म्हणजे परत येणे.

आणि एक प्रश्न आपल्यालाही. डॉक्टर राजकारणात गेला की आपण म्हणतो, बिघडला. पण त्याच्याकडून मतासाठी पैसे कोण घेतो? आजारी शेजाऱ्यासाठी नव्हे, तर बदलीसाठी आणि कंत्राटासाठी त्याचे दार कोण ठोठावतो? चिखल चिखल म्हणून आपण ज्याला नावे ठेवतो, त्यात पाणी ओतणारे हात कोणाचे?

त्या मुलाशी आमचे बोलणे अजून व्हायचे आहे. त्याला अडवणार नाही, एवढे आम्ही ठरवले आहे. त्याच्या आईची मात्र एक विनंती मान्य करू: दोन शब्द सांगू. जा, पण स्टेथोस्कोप घरी ठेवून जाऊ नकोस. आणि त्याच्या गावासाठी आठवड्यातून एक दिवस तरी दवाखान्याचे दार उघडे राहील, असे वचन त्याच्याकडून घेऊ.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू