पंचसूना आणि एका खोलीचा संसार

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा यांना ‘पंचसूना’, म्हणजे नकळत जीवहत्या घडण्याची पाच स्थाने, म्हटले असून त्या दोषाच्या परिमार्जनासाठी पंचमहायज्ञ, म्हणजे वेदाध्ययन, पितर, देव, भूतमात्र व अतिथी यांच्याप्रती रोजची पाच कर्तव्ये, सांगितली आहेत. दोष आणि प्रायश्चित्त एकाच छपराखाली नांदतात, ही त्या विचारातील मार्मिक गोष्ट होय.

मात्र सोवळे, म्हणजे स्पर्शाने भंगणारी विधिशुद्धता, वेगळी जागा मागते; आणि १९२० च्या दशकात मुंबईत नायगाव व डिलाईल रोड येथे उभ्या राहिलेल्या बीडीडी या कामगारवस्तीच्या चाळींतील सुमारे १६० चौरस फुटांच्या खोलीत देव्हारा, स्टोव्ह, टाळ-मृदंग आणि मुलांचा दंगा यांच्यामध्ये भिंतच नव्हती. नैवेद्य दाखवण्याआधीच मोदकाला बोट लावणारे पोर अशा घरात देवाचा अपराधी ठरते काय? स्मृतींच्या चौकटीत उत्तर कठीण आहे. वारकरी परंपरेत ते सोपे होते, कारण तिथे एकनाथ प्रपंचात राहूनच संत झाले. आणि संन्यास सोडून गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसारात आलेल्या विठ्ठलपंतांची ज्ञानेश्वरादी मुले, ज्यांना आळंदीच्या ब्रह्मवृंदाने वाळीत टाकले असे परंपरा सांगते, तीच मराठी अध्यात्माची आधारशिला ठरली. गिरणीची पाळी संपवून चाळीत भजनाला बसणाऱ्या कामगाराला हा वाद ठाऊक असण्याची गरज नव्हती. त्याच्या अभंगाला शेजारी तडतडणाऱ्या फोडणीची साथ असे.