राजपुत्र आणि त्याची छाया

गतकालाविषयीची ओढ ही आसक्तीच होय काय, आणि असल्यास साधकाने ती इतर आसक्तींबरोबर छाटून टाकावी काय, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांना अपरिचित नव्हता. पतंजलींनी स्मृतीची गणना पाच चित्तवृत्तींत करून तिला निरोधाच्या कक्षेत आणले. आणि नैयायिकांनी, ती केवळ संस्कारांतून उपजते व पूर्वानुभवाहून नवे काही सांगत नाही म्हणून, तिला प्रमेच्या, म्हणजे यथार्थ ज्ञानाच्या, हद्दीबाहेर ठेवले. या निवाड्यांविषयी पूर्ण आदर बाळगूनही स्मृतीच्या बाजूने मला एक कैफियत मांडावयाची आहे, आणि तीही विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील अगदी ऐहिक वस्तूंच्या आधाराने.

त्या दशकात उन्हाळ्याची सुटी लागली की मुंबईचे आप्त प्रीमियर पद्मिनीत बसून, चारोटी नाक्यावर महामार्ग सोडून, डहाणूमार्गे बोर्डीस येत. स्टिअरिंगलाच गियर असलेली, सकाळी चोक ओढल्यावाचून न जागणारी ती मोटार परत निघे तेव्हा तिच्या डिकीत चिकूच्या करंड्या असत. एखाद्या सुखवस्तू वाडीवाल्याच्या घरी संगणक आलेला असे. त्याच्या काळ्या पडद्यासमोर मराठी, गुजराती आणि इराणी घरांतली मुले दाटीवाटीने बसत, एकाची बोटे कळफलकावर आणि बाकीच्यांचे श्वास त्याच्या बोटांवर, आणि फ्लॉपीतून उतरलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या खेळातला तो राजपुत्र तळघराच्या फरशांवरून धावू लागे. मध्येच वीज गेली की राजपुत्र, तळघर आणि खेळातला खलनायक वजीर सारेच लुप्त होत; मुले समुद्राकडे, सुरूच्या बनात पळत.

आज चाळिशी ओलांडलेल्या त्या मुलांना या काळाची जी व्याकुळ आठवण येते, ती नेमकी कशाची? मुंबईकराला या प्रश्नाचे उत्तर बाहेर बोट दाखवून देता येते : चाळ पडली, गिरणी गेली, मैदानावर इमारत उभी राहिली. बोर्डीकराला मात्र ती सोय पुरती उपलब्ध नाही. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने बोर्डीचा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला आणि कारखानदारीस लगाम घातला. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. त्यामुळे वाड्या बऱ्याच अंशी राहिल्या, सुरूचे बन राहिले, ओहोटीला दूरवर उघडी पडणारी काळसर वाळू राहिली. तरीही ओढ तितकीच तीव्र आहे. यावरून एवढे तरी निश्चित होते, की जे हरवले ते सर्वस्वी बाहेरचे नव्हे.

मग ते आतले म्हणावे, तर बौद्धांचा क्षणिकवाद आडवा येतो. त्यांचे म्हणणे असे, की दिव्याची ज्योत एकच वाटते, परंतु क्षणोक्षणी ती नवी असते. तद्वत तो मुलगा आणि हा प्रौढ यांत परंपरा आहे, एकत्व नाही. बोर्डीच्या परिसरात हा दृष्टान्त सहज स्वीकारता येत नाही. जवळच बारोटचा डोंगर आहे. पारशांची जुनी वसाहत संजाण पडल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी इराणशाह तेथल्या गुहांत बारा वर्षे दडवून राखला, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे वांसदा व नवसारी असे मुक्काम करीत तो १७४२ मध्ये उदवाड्यास स्थिर झाला. त्यात पडलेले प्रत्येक लाकूड नवे होते, राखणारे हातही पिढ्यांमागून पिढ्या बदलत गेले. तथापि तो तोच अग्नी, ही श्रद्धा या किनाऱ्यावर ढळलेली नाही.

श्रद्धेला युक्तिवादाचा आधार हवा असेल, तर तो ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात सापडतो. तेथे बादरायणांनी क्षणिकवादाविरुद्ध साक्षीला बोलावले आहे ते स्मृतीलाच, आणि शंकराचार्यांनी भाष्यात तिची साक्ष उलगडली आहे : एकाने पाहिलेले दुसऱ्याला आठवत नाही; आणि 'हे त्यासारखे' असे नुसते सादृश्य जाणण्यासही दोन्ही क्षणांना जोडणारा एकच ज्ञाता लागतो. माझ्या मते स्मृतीचे खरे मोल येथे आहे. पद्मिनीविषयी ती जे सांगते ते अविश्वसनीय असेल, उन्हात तापलेल्या आसनांचे चटके ती सोयीस्करपणे गाळीत असेल. पण आठवणाऱ्याविषयी ती खोटे बोलू शकत नाही.

आणि त्या खेळाच्या पोटातही हाच विषय होता, हे तेव्हा आम्हां मुलांपैकी कोणाच्याच ध्यानी आले नाही. जॉर्डन मेक्नर या तरुण अमेरिकनाने आपल्या धाकट्या भावाला धावावयास, उड्या मारावयास लावून, ते चित्रीकरण गिरवून राजपुत्राच्या हालचाली घडविल्या, आणि १९८९ मध्ये तो खेळ प्रसिद्ध झाला. राजकन्येला सोडविण्यास मुदत साठ मिनिटांची. राजपुत्र कितीही वेळा मेला तरी त्याच तळघराच्या आरंभी पुन्हा जन्मे. परंतु गेलेली मिनिटे परत मिळत नसत, आणि ती हवीच असतील तर आजवर चाललेली सारी वाट टाकून पहिल्या तळघरापासून निघावे लागे. चौथ्या तळघरात एक आरसा आडवा येई. राजपुत्र उडी घेऊन त्याच्या पार जाई, तेव्हा त्यातून त्याचीच छाया निघून उलट दिशेला पळे. पुढे ती त्याचे औषध पिऊन टाकी, दार बंद करून त्याला खाली लोटी, आणि अखेरीस बाराव्या तळघरात तलवार उपसून समोर ठाके. मुले त्वेषाने तिच्यावर वार करीत. प्रत्येक वाराबरोबर राजपुत्राचाच प्राण घटे. पुष्कळ मरणांनंतर कोणाला तरी सुचे, की तलवार म्यान करावी आणि सरळ तिच्यात चालत जावे. तसे केले की दोघे एक होत व पुढली वाट उघडे.

वैराग्याच्या नावाने आपल्या बालपणावर शस्त्र धरणाऱ्या मुमुक्षूला, आणि पद्मिनी पुन्हा विकत घेऊन १९९५ साल अंगणात उभे करता येईल असे मानणाऱ्या हौशी गृहस्थालाही, तो प्रसंग मी एकाच आस्थेने सांगेन. पहिला छायेला शत्रू समजतो, दुसरा पहिल्या तळघराकडे परत फिरतो. ज्याला आठवते तो आणि ज्याने ती उडी मारली तो एकच आहे. त्या मुलाला आजच्या दिवसात सामावून घेण्यास कोणत्याही शास्त्राचा अडसर नाही. नैयायिकांचा निवाडा मला वस्तूंपुरता मान्य आहे, ज्ञात्यापुरता नाही.