नदीचा पहारा

ऑक्टोबर 1760. मराठ्यांनी कुंजपुरा घेतला होता. यमुनेला पूर होता आणि अब्दाली पलीकडच्या तीरावर होता. महिना सरण्याआधी तो बागपतजवळ नदी उतरला आणि मराठी फौज व दिल्ली यांच्यामध्ये येऊन उभा राहिला. नदीवर हवी तशी नजर नव्हती, कारण नदीच पहारा देते आहे अशी समजूत होती. माणूस शत्रूवर लक्ष ठेवतो. ज्याच्या भरवशावर झोपतो त्याच्यावर ठेवत नाही.

पानिपतावर पुष्कळ लिहिले गेले. जानेवारीतल्या एका दिवसावर अधिक, ऑक्टोबरातल्या त्या दोन-तीन रात्रींवर फार कमी.

शिवाजी महाराजांचा हेर बहिर्जी नाईक याला सभासदाच्या बखरीत मोजक्या ओळी आल्या आहेत. बाकीचा बहिर्जी लोकांनी मागाहून घडवला. त्यात नवल नाही. हेराचे यश कागदावर उतरत नाही; उतरतो तो बहुधा पकडला गेलेला हेर.

दूरचे दिसावे म्हणून माणूस आधी टेकडीवर चढला, मग झाडावर, मग डोलकाठीवर. 1794 साली फ्लेरूसच्या लढाईत फ्रेंचांनी दोराने बांधलेला फुगा आकाशात सोडला. त्यातला अधिकारी तासन्‌तास शत्रूच्या हालचाली पाहत होता आणि चिठ्ठ्या खाली धाडत होता. लढाई फ्रेंचांनी जिंकली. पाच वर्षांत फुग्यांची ती तुकडी मोडण्यात आली. उपयोग सिद्ध झाला म्हणून कोणी टिकतो असे नाही.

1911 मध्ये इटलीचा कॅप्टन कार्लो पियात्सा लिबियात तुर्की ठाण्यांवरून विमान घेऊन गेला. तीन वर्षांनी, सप्टेंबर 1914 च्या आरंभी, जर्मन फौज पॅरिसला बगल देऊन आग्नेयेकडे वळताना वैमानिकांना दिसली. पॅरिसचा लष्करी सुभेदार गालिएनी याने त्या खबरीवर विश्वास ठेवला. त्यातून मार्नची लढाई उभी राहिली. पाहणारा योग्य जागी असणे हा एक योग. ऐकणाराही योग्य जागी असणे हा दुसरा. हे दोन्ही योग एकाच दिवशी क्वचित जुळतात.

समुद्रावर ते जुळले नाहीत. 4 जून 1942. मिडवेजवळ टोने या जपानी क्रूझरवरचे टेहळणी विमान अर्धा तास उशिरा उडाले. सकाळी साडेसातच्या सुमारास त्याने कळवले : दहा जहाजे, शत्रूची असावीत. जहाजे कसली, ते सांगितले नाही. त्यांत एक विमानवाहू नौका आहे हे कळायला आणखी पाऊण तासाहून अधिक वेळ गेला. त्या सकाळी विमानांना बॉम्ब लावावेत की टॉर्पेडो यावर जपानी ताफ्याचा सेनानी नागुमो याचा हुकूम फिरला, पुन्हा फिरला. त्या लढाईत जपानने चार विमानवाहू नौका गमावल्या. वैमानिकाने कळवलेले खोटे नव्हते. खोट्याविरुद्ध माणूस सावध तरी असतो. अर्धवट खरे ऐकले की तो उरलेले अर्धे स्वतःच्या सोयीने भरतो.

अवकाशातून हेरगिरीसाठी काढलेली फिल्म ऑगस्ट 1960 मध्ये पॅराशूटने खाली आली. हवाईजवळ एका विमानाने ती समुद्रात पडण्याआधी अधांतरीच झेलली. माहिती मिळवण्यासाठी माणूस इतकी कसोशी करतो. मिळालेली माहिती ऐकून घेण्यासाठी इतकी कसोशी कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

सप्टेंबर 1944 मध्ये ब्रिटिश छत्रीधारी सैन्य हॉलंडमध्ये आर्नहेमला उतरायचे होते. ब्रायन अर्कहार्ट हा पंचविशीतला गुप्तवार्ता अधिकारी. त्याने विमान पाठवून कमी उंचीवरून छायाचित्रे घेतली. झाडांखाली रणगाडे होते. त्याने ती सेनापतीपुढे ठेवली. थोड्याच वेळात डॉक्टर आला. अधिकाऱ्याला थकवा आला आहे, विश्रांती हवी, असे ठरले. मोहीम ठरल्या दिवशी निघाली. आर्नहेमला सुमारे दहा हजार गेले; नदी ओलांडून परत आले ते दोन-अडीच हजार.

ज्याला दिसते त्याला आजारी ठरवणे हा जुना उपाय आहे. तो सैन्यापुरता नाही.

ते छायाचित्र पुढे कित्येक दशकांनी अभ्यासकांच्या हाती लागले असे मानले जाते. त्यातले रणगाडे जुनाट होते, एका प्रशिक्षण तुकडीचे. ज्या जर्मन चिलखती तुकड्यांनी आर्नहेम राखले, त्यांचे ते नव्हतेच. म्हणजे माणसाचा अंदाज बरोबर होता आणि हातातला पुरावा भलताच. सेनापतीच्या बाजूने बोलायचे तर एवढे बोलता येईल. ते पुरेसे नाही.

1995 साली पोखरणची तयारी अमेरिकी उपग्रहांना दिसली आणि अणुचाचणी राहून गेली. पुढच्या खेपेस काम रात्री चाले. उजाडण्याआधी यंत्रे पूर्वीच्या जागी परत जात. शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात वावरत. 11 मे 1998 रोजी स्फोट झाले, तेव्हा अमेरिकेला ते भारताच्या घोषणेतून कळले. वरच्या डोळ्याच्या येण्याजाण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. त्या ज्याला कळल्या तो सुधारत नाही, नट होतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे शिकवावे लागत नाही.

दुसऱ्याचा डोळा चुकवणाऱ्यांना आपल्यालाही डोळा आहे आणि तोही चुकवता येतो, हे सुचायला एक वर्ष लागले. कारगिलच्या माथ्यांवरच्या चौक्या हिवाळ्यात रिकाम्या होत. इथे नदीच्या जागी बर्फ होते. बर्फ पहारा देते आहे अशी समजूत होती. हिवाळ्यात हेलिकॉप्टरमधून टेहळणीही होत होती. मे 1999 च्या आरंभी बटालिक भागातला ताशी नामग्याल हा मेंढपाळ आपला हरवलेला याक शोधत दुर्बीण घेऊन हिंडत होता. त्याला डोंगरावर अनोळखी माणसे दिसली. त्याने लष्कराला जाऊन सांगितले.

त्याला कोणी पाठवले नव्हते. ज्याला पाठवले जाते तो पाठवणाऱ्याचा प्रश्न सोबत घेऊन जातो. याकवाल्याकडे फक्त याकची काळजी होती. त्या काळजीत जागा शिल्लक होती.

छायाचित्रात समोरचे सगळे येते. घरातल्या एका जुन्या समूहचित्रात कडेला उभी असलेली व्यक्ती मला दिसली, तेव्हा तिच्याविषयी विचारायला कोणी उरले नव्हते.

4 एप्रिल 1944 रोजी दक्षिण आफ्रिकी हवाई दलाचे एक विमान पोलंडवरून गेले. त्याला मोनोविट्झचा कारखाना हवा होता. तिथे कृत्रिम रबर आणि इंधन करण्याची तयारी चालू होती. कॅमेरा कारखान्याच्या अलीकडे-पलीकडेही चालू राहिला. छायाचित्रे वाचणाऱ्या माणसांनी कारखाना बारकाईने वाचला. ते कुशल होते, कामात चोख होते. शेजारी ऑशविट्झची छावणी होती. पुढच्या महिन्यांत विमाने पुन्हा गेली, पुन्हा कारखान्यासाठी. याक शोधणाऱ्याला माणसे दिसली. कारखाना शोधणाऱ्यांना दिसली नाहीत.

1978 मध्ये सीआयएच्या दोन विश्लेषकांनी ती जुनी फिल्म बाहेर काढून नव्या भिंगाखाली धरली. 25 ऑगस्ट 1944 च्या एका चित्रात विषारी वायूच्या कोठडीच्या दिशेने जाणारी माणसांची रांग आहे. माणूस ठिपक्याएवढा आहे. चौतीस वर्षे ती फिल्म डब्यात होती. नीट जपून ठेवलेली होती.