राजकोशातील द्रव्य आणि दानाचा अधिकार

मीमांसाशास्त्रात विश्वजित् यागाच्या प्रकरणी एक मार्मिक वाद आलेला आहे. या यागात यजमानाने आपले सर्वस्व दक्षिणा म्हणून द्यावयाचे असते. तेव्हा यजमान सार्वभौम राजा असला तर त्याने सारी पृथ्वीच देऊन टाकावी काय, हा प्रश्न जैमिनींनी विचारात घेतला आणि त्याचे उत्तर नकारार्थी दिले. कारण भूमीवर सर्वांचा संबंध सारखाच असल्यामुळे ती राजाची खाजगी मालमत्ता ठरत नाही, आणि जे आपले नव्हे ते देण्याचा अधिकार कोणासही नाही. हा खल पाठशाळेत बसून करण्याचा आहे असे कोणी म्हणेल. परंतु २०२० साली करोनाच्या साथीने बाजारपेठा ओस पडल्या, खजिन्यातून लहान दुकानदारांना साहाय्य देण्याचे हुकूम सुटले, आणि त्या साहाय्याच्या फलकांवर देणाऱ्यांच्या प्रसन्न छब्या झळकल्या, तेव्हा मला जैमिनींची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. कोशातील द्रव्य जर छबीतल्या पुरुषाचे नव्हे, तर दानाचे पुण्य त्यास कसे लागावे, आणि घेणाऱ्याने उपकाराचे ओझे कोणत्या न्यायाने वाहावे?

पंढरपुरास देवळाभोवती बुक्का, अष्टगंध, तुळशीच्या माळा, टाळ आणि चुरमुरे-बत्तासे विकणारे जे लोक बसतात, त्यांचे वर्ष वाऱ्यांवर, त्यातही मुख्यतः आषाढी-कार्तिकीवर चालते. वारीत जे गाठीस पडेल त्यातून व्यापाऱ्याची उधारी भागवायची, मुलांच्या वह्या-पुस्तकांची सोय करायची आणि पुढचा माल भरायचा. १ जुलै २०२० च्या आषाढीस संतांच्या पादुका एस.टी.ने आल्या; वारकरी आले नाहीत, कारण त्यांना येऊ दिले नाही, आणि ते योग्यच झाले. परंतु येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. चंद्रभागेच्या पुराने दुकान वाहून गेले असते तर त्याचा बोल आपण दैवास लावला असता. या खेपेस मात्र दोरीला टांगलेल्या माळा शाबूत होत्या, बुक्का डब्यात कोरडा होता, विकणारा धडधाकट होता, आणि दुकान बंद होते ते सरकारी हुकुमाने. तो हुकूम जितका त्याच्या हिताचा, त्याहून अधिक त्या लक्षावधी अपरिचितांच्या हिताचा होता, ज्यांच्या गावी ही साथ वारीबरोबर परतली असती. त्या माणसाने आपली मिळकत लोकांसाठी सोडली. स्वेच्छेने नव्हे हे खरे, पण सोडली. देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर शतपथ ब्राह्मणाने मनुष्यांचेही ऋण सांगितले आहे; त्या न्यायाने पाहता येथे समाज ऋणको झाला आणि बुक्केवाला धनको.

आता प्रत्यक्षात काय घडले ते पाहावे. १ जून २०२० रोजी केंद्राने पथविक्रेत्यांसाठी स्वनिधी योजना काढली: तारणावाचून १० हजारांचे खेळते भांडवल, १२ मासिक हप्त्यांत परतफेड, आणि हप्ते वेळेवर भरल्यास व्याजात ७ टक्के सवलत. पालिकेच्या यादीत ज्याचे नाव नाही त्याने शिफारसपत्र आणावयाचे. ज्याचे आपण देणे लागतो त्यालाच कर्जदार म्हणून खिडकीसमोर उभे करावे, हा व्यवहार मला विपरीत वाटतो. तथापि ज्याला आजवर सावकाराखेरीज कोणी दारात उभे केले नव्हते, त्याचे नाव बँकेच्या खात्यात चढले, ही गोष्ट लहान नव्हे. कर्ज देण्यात घेणाऱ्याच्या कर्तृत्वावर विश्वास असतो, जो भिक्षा घालण्यात नसतो. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने नोंदणीकृत फेरीवाल्यांस परतफेडीविना प्रत्येकी दीड हजार रुपये जाहीर केले. तत्त्वतः ऋणफेडीच्या अधिक जवळ हेच होते. रकमेविषयी न बोललेले बरे.

ऋण आणि अनुग्रह यांचा मेळ कसा घालावा, याचा दाखला आपल्याच दप्तरात आहे. १६७६ साली शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस लिहिलेल्या पत्रात असा हुकूम आहे की, गावोगाव जाऊन कुळंबी गोळा करावे, ज्याला बैल नाही त्याला बैलासाठी पैका द्यावा, ज्याला पोटास नाही त्याला दाणे द्यावे, आणि त्याची वसुली वाढीदिडीवाचून, केवळ मुद्दलाची, तीही त्याला तवानगी येईल तसतशी हळूहळू करावी. यात कुळाचा मान राहतो, कारण घेतलेले तो फेडणार आहे. आणि राजधर्मही राहतो, कारण फेडीची वेळ त्याच्या अंगातले बळ ठरविते.

खजिना अशाने रिता होईल, हा आक्षेप पोकळ नाही. कोशाची हानी करणारे अनुग्रह आणि परिहार टाळावेत असे कौटिल्यही बजावतो, जरी दुर्भिक्षात बी-बियाणे व अन्न देऊन प्रजेस तारावे हेही त्याचेच सांगणे आहे. पण शिवाजी महाराजांच्या हुकुमातही मुद्दल बुडत नाही, केवळ थांबते. मासिक हप्त्याला हे थांबणे ठाऊक नाही. पंढरपुरात गिऱ्हाईक एकादशीला येते आणि हप्ता दर महिन्याला. २०२१ ची आषाढीही वारकऱ्यांवाचून गेली, आणि पायी वारी पूर्ववत् भरली ती १० जुलै २०२२ च्या एकादशीस, म्हणजे २०२० च्या पावसाळ्यात उचललेल्या कर्जाची मुदत संपून वर्ष होत आले तेव्हा.