साधी खुर्ची आणि अपरिग्रह

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या म्हसावदसारख्या गावातून नोकरीसाठी नाशिक-पुण्याला गेलेले कुटुंब फ्लॅट लावायला घेते, तेव्हा हल्ली डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र असते : निमुळत्या पायांची सागवानी खुर्ची, वेताची बैठक, बुटके कपाट, मोकळी भिंत. १९५०-६० च्या दशकांतली ही शैली नक्षीकाम टाळते, म्हणून तिला साधेपणाची, कधी अपरिग्रहाचीही, म्हणजे संग्रहाची हाव न धरण्याचीही, शैली म्हणतात. मला हे पटत नाही. शैली देखणी आहे यात वाद नाही. पण वस्तू साधी दिसणे वेगळे आणि हाव आटोक्यात असणे वेगळे. वास्तुविशारद पियरे जानेरे यांच्या देखरेखीखाली चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी घडवलेली खुर्ची पाहा. साग आणि वेत, कंपासासारखे फाकलेले पाय. तिच्यावर कारकून बसत. पुढे ती मोडीत निघाली, भंगाराच्या भावाने विकली गेली आणि काही वर्षांत परदेशातल्या लिलावांत लाखो रुपयांना जाऊ लागली. खुर्ची तीच, साधेपणा तोच. बदलला तो फक्त तिच्यावरचा लोभ.

जैन परंपरेने हे फार पूर्वी ओळखले. ‘तत्त्वार्थसूत्र’ या ग्रंथात परिग्रहाचे मूळ वस्तूत नव्हे, आसक्तीत सांगितले आहे. यावर आक्षेप येणारच : मग भरल्या बंगल्यात राहूनही ‘माझे मन अडकलेले नाही’ असे कोणीही म्हणेल. ही पळवाट परंपरेने उघडी ठेवलेली नाही. गृहस्थाच्या व्रतात जमीन, घर, सोने, धान्य, भांडीकुंडी यांची मर्यादा आधीच ठरवायची असते. मन तपासता येत नाही, माप तपासता येते. म्हणून फ्लॅट लावताना पहिला निर्णय शैलीचा नको, मापाचा हवा. म्हसावद परिसरातल्या भिल्ल-पावरा घरांतली खाट रात्री झोपायला, दिवसा अंगणात पाहुण्याला बसायला. काम झाले की भिंतीला उभी. तिथे गरिबीही आहे आणि तिचे कौतुक करू नये. पण एका वस्तूकडून किती कामे घेता येतात, हे तिथे दिसते.

‘मग सौंदर्यावर पैसा खर्चूच नये का?’ खर्चावा. घर नीट, प्रसन्न असावे ही माणसाची रास्त गरज आहे. मात्र प्रश्न ‘किती’पाशी थांबत नाही, ‘कुठून’पर्यंत, म्हणजे लाकूड ज्या जंगलातून येते तिथपर्यंत जातो. १८७८ च्या ब्रिटिश वन कायद्यानंतर जंगले राखीव होत गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांत राहणाऱ्यांना घरासाठी लाकूड आणणेही गुन्हा ठरू लागले. हा ऐतिहासिक अन्याय होता, हे २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेनेच मान्य केले. अपरिग्रहाचे नाव घेऊन नवे सागवान मागवणाऱ्याला हा इतिहास टाळता येणार नाही. जुन्या दाराचे, मोडलेल्या पलंगाचे लाकूड सुताराकडून पुन्हा घडवून घेता येते, आणि निमुळते पाय त्यालाही तितकेच शोभतात.